चहाचा गुण

"हा चहा आमच्याकडून एकच बाई नेतात," वनौषधींच्या दुकानातली बाई म्हणाली. त्याने रिकाम्या पुड्याचं झाकण काउंटरवर ठेवलं होतं. त्यावरचं चित्र तिने बोटाने स्वतःकडे वळवून घेतलं. मिटलेल्या कमळासारखी, पण खवल्याखवल्यांची एक हिरवट कळी, आणि खाली लिहिलेलं : आर्टिचोकचा चहा, पोटाच्या आरामासाठी. "उंच आहेत. हळू बोलतात. चष्म्याच्या काचा अगदी लख्ख असतात." काचांचं ऐकून त्याला बरं वाटलं, कारण तो चष्मा त्याने स्वतः करून दिलेला होता. "त्या माझ्या ताई," तो म्हणाला. बाईने मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं, आधी तोंडाकडे आणि मग, त्याला तसा भास झाला असेल, पोटाकडे. "म्हणजे तुम्हीच ते भाऊ. तुमच्याबद्दल फार सांगायच्या. आता बरं आहे ना पोट?" तो हो म्हणाला. या प्रश्नाला तो इतकी वर्षं हो म्हणत आला होता की उत्तर तोंडातून आपोआप आलं. बाई स्टुलावर चढली आणि वरच्या फळीवरून दोन पुडे घेऊन खाली उतरली. "एकच हवाय," तो म्हणाला. "त्या नेहमी दोनच न्यायच्या. दर पंधरवड्याला दोन. गेल्या वर्षभरात तर दर आठवड्याला. मी म्हटलंसुद्धा त्यांना, भावाला एवढा त्रास आहे तर एकदा डॉक्टरला दाखवा. तर म्हणाल्या, नको, त्याला याचाच गुण येतो."

पुडे पिशवीत टाकून तो बाहेर आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. फुटपाथ खणून ठेवलेला होता, फळीवरून एकेक माणूस पलीकडे जात होता, आणि तो त्या रांगेत उभा राहून हिशेब करत होता. तो चष्मेवाला होता. तीस वर्षं लोकांना अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवून, एक काच काढून दुसरी घालून, आधी बरं दिसत होतं की आता, असं विचारत आलेला. पाव नंबराचा फरकही त्याच्या नजरेतून सुटत नसे. पुड्यात वीस पिशव्या. तो आठवड्यातून एकदा, रविवारी, एक कप घेई. ताई सोबतीला म्हणून एक घेई. म्हणजे आठवड्याला दोन, आणि एक पुडा अडीच महिने पुरायला हवा. त्या बाईच्या सांगण्याप्रमाणे ताई आठवड्याला चाळीस पिशव्या नेत होती. दिवसाला पाच-सहा कप. फळीच्या तोंडाशी त्याची पाळी आली, मागच्या माणसाने "चला की" म्हटलं, आणि तो बाजूला झाला, त्या माणसाला पुढे जाऊ दिलं, त्याच्या मागच्यालाही जाऊ दिलं. पलीकडे गेलं की चार मिनिटांवर ताईचं घर होतं. ताई तिथे खिडकीजवळच्या पलंगावर पडून होती, तिच्या पोटात बाकी काही ठरत नव्हतं, आणि आज सकाळी तिने स्वतःच भाचीला सांगितलं होतं की तेवढा चहा आणायला सांग मामाला, कडू आहे पण गरम जातो तरी. या दुकानात तो आयुष्यात पहिल्यांदा आला होता.

त्याचं पोट कधीही दुखलेलं नव्हतं. हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि आतापर्यंत ते कोणाला माहीत असण्याची गरजही पडली नव्हती. अकरा वर्षांपूर्वी त्याची बायको गेली, गेली म्हणजे बॅग भरून निघून गेली, तेव्हा ताईने त्याला दर रविवारी दुपारी जेवायला बोलवायला सुरुवात केली. ताई त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. लहानपणी तो एका जागी तासन्‌तास बसून राही म्हणून तिने त्याचं नाव ठोंब्या पाडलं होतं, आणि छप्पन्नाव्या वर्षीही ती त्याला चारचौघांत ठोंब्याच म्हणे. तिचा नवरा आधीच गेलेला, मुलगी ग्रंथालयात नोकरीला, तिची रविवारची पाळी असायची. त्यामुळे जेवायला ते दोघंच. जेवण होईपर्यंत सगळं छान चाले. ताटं उचलली की ताई ओट्याशी उभी राहून, पाठ वळवून, हलकेच विषय काढायची. "तिला एक फोन का नाही करत रे?" दुसऱ्या रविवारी : "माणूस चुकतं. माफी मागितली म्हणून कोणी लहान होत नाही." पहिले काही रविवार त्याने हं हं करून काढले. मग एकदा, तिने "मला खरं सांगशील का एक?" असं म्हटलं आणि हात पुसत त्याच्याकडे वळू लागली, तेव्हा त्याने पोटावर हात ठेवला. "ताई, जेवण जरा जड झालं वाटतं. घरी जाऊन पडतो." ती लगेच गप्प झाली. किती सोपं होतं ते. जिना उतरताना त्याला शाळेतून लवकर सुटल्यासारखं वाटलं होतं. पुढच्या रविवारीही त्याने पोटावर हात ठेवला, आणि त्याच्या पुढच्याही.

पण ताई ऐकून सोडून देणाऱ्यातली नव्हती. तीस वर्षं तिने टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काम केलं होतं, कानाला यंत्र लावून, लोकांची तक्रार शेवटपर्यंत ऐकून घेऊन आणि त्यावर काहीतरी करून मगच पुढचा कॉल घेऊन. दोन वर्षं तिने त्याच्या पोटासाठी जेवणात फेरफार केले. तेल कमी केलं, तिखट बंद केलं, सगळं मऊ शिजवायला लागली, आणि तो मुकाट्याने बेचव जेवण जेवत राहिला. मग कोणीतरी तिला या चहाबद्दल सांगितलं. "घरी जाऊन पडायचंय ते इथेच पड," ती म्हणाली, "मी तुला एक देते ते घे." झाकण ठेवून सात मिनिटं, घड्याळ लावून. कपात राखाडी हिरवं पाणी, वास ओल्या गवताचा, आणि चव अशी की जिभेच्या मागच्या बाजूला काहीतरी गंजलेलं चिकटून बसावं. "कसंय?" "चांगलं आहे." "कडू आहे?" "थोडं." ती त्याच्यासमोर बसून आपला कप घेई, सोबतीला. जी अर्धी दुपार टाळायला त्याने पोटदुखी काढली होती, तीच आता चहाच्या निमित्ताने लांबली, आणि त्याला स्वतःचंच हसू आलं होतं. एवढं मात्र झालं की चहा घेताना ती तो विषय काढत नसे. आजारी माणसाला काय छळायचं. म्हणून मग तो चहा पिऊ लागला, नेमाने, आणि तिने विचारलं की सांगू लागला. गुण आला. हलकं वाटतं. झोप लागते. तिचा चेहरा त्यावर असा उजळायचा की पुढच्या वेळी तो आणखी थोडं सांगे. दुकानात बसून कधी कधी तो येत्या रविवारसाठी वाक्य तयारही करून ठेवी.

फळीजवळ उभ्या उभ्या आता त्याला एक रविवार आठवला. दोन वर्षांपूर्वीचा असेल. ताई कप विसळत होती. पाण्याचा नळ चालू होता, आणि त्या आवाजात तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "खरंच उतार पडतो का रे याने?" "खूप," तो वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाला. "डॉक्टरची पायरी चढावी लागली नाही बघ." नळ चालूच होता. "आणि ते उजव्या बाजूला, बरगडीखाली जड वाटतं, ते?" "तेही गेलं." "पाठीत भरतं ते?" "सगळं गेलं." त्याने आपल्या उजव्या बाजूबद्दल आयुष्यात कधी तक्रार केली नव्हती. हात ठेवायचा तो सरळ पोटाच्या मध्यावर, नाटकात ठेवतात तसा. पाठीचं तर नावही काढलं नव्हतं. तो प्रश्न त्याच्याबद्दलचा नव्हता. साठी ओलांडलेली एक बाई नळ चालू ठेवून, पाठ वळवून, आपलं दुखणं त्याच्या नावावर घालून त्याला विचारत होती, आणि त्याने पान उलटत उलटत तिला सांगितलं होतं की सगळं जातं.

गेल्या वसंतात ती चष्म्याची दांडी सैल झाली म्हणून दुकानात आली. तिच्या जेवणाच्या खोलीतला दिवा पिवळा होता, त्या उजेडात सगळंच पिवळट दिसायचं. दुकानातल्या पांढऱ्या उजेडात त्याने तिच्या डोळ्यांवरून चष्मा काढला आणि डोळ्यांतला पांढरा भाग पाहिला. तो पिवळा होता. डोळे पाहणं हाच त्याचा धंदा. त्याच दिवशी तो तिला दवाखान्यात घेऊन गेला. पित्ताशयात गाठ निघाली, ती यकृतात शिरली होती. पोट उघडलं आणि काही न करता शिवून टाकलं. "त्रास केव्हापासून होता?" डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा ताई म्हणाली होती, "असाच, अलीकडे." त्याने नंतर बाहेर येऊन डॉक्टरांना गाठून विचारलं होतं की लवकर कळलं असतं तर काही करता आलं असतं का. "या आजारात असं सांगता येत नाही," ते म्हणाले होते. तेव्हा त्या उत्तराने त्याला आधार दिला होता. आता फळी ओलांडताना तेच उत्तर त्याला नकोसं झालं. सांगता येत नाही म्हणजे काही करता आलंही असतं.

दार भाचीने उघडलं. दोन महिन्यांची रजा टाकून ती घरी बसली होती. "मिळाला?" म्हणत तिने पिशवी घेतली आणि स्वयंपाकघरात गेली. तो आत गेला. ताई दोन उशांना टेकून खिडकीबाहेर बघत होती, तिचे खांदे हल्ली शाळकरी मुलीसारखे अरुंद दिसत. भाची चहा घेऊन आली, कपात चमचा ठेवून गेली. ताईने दोन चमचे घेतले, थांबली, तिसरा घेतला.

"ताई, हा चहा तू कधीपासून पितेस?"

"तुझ्याबरोबरच की."

"माझ्याबरोबरचा नाही. एकटी."

तिने चमचा कपात ठेवला. "त्या दुकानातल्या बाईच्या पोटात काही राहत नाही," ती म्हणाली. "झाली असतील दोन वर्षं. जड वाटायचं. म्हटलं, ठोंब्याला गुण आला तर आपल्याला यायला काय झालं? एकाच आईची पोटं. आणि यायचाही थोडा. आधी एका कपाने यायचा, मग दोन लागायचे."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझंच दुखत होतं, त्यात माझं कुठे?"

तो पलंगाच्या काठावर बसला. आता बोललो नाही तर पुन्हा कधी बोलणार नाही, असं त्याला वाटलं. छातीवर काहीतरी येऊन बसलं होतं, ते उतरवून ठेवायचं होतं. एवढंच त्या क्षणी त्याला कळत होतं. "ताई, माझं पोट कधी दुखलंच नव्हतं," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. "म्हणजे?"

"जेवण झालं की तू तिचा विषय काढायचीस. मला उठायला कारण पाहिजे होतं."

"आणि चहा?"

"तू केलास म्हणून प्यायलो."

"गुण आला म्हणालास. झोप लागते म्हणालास."

"तुला बरं वाटावं म्हणून."

रस्त्यावर खणणारं यंत्र सुरू झालं, थोडा वेळ घुमलं आणि बंद पडलं. ताई रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं. तू मला मारलंस, असं ती म्हणाली असती तरी त्याची तयारी होती. फळीवर उभ्या उभ्या त्याने तेच वाक्य ऐकून घ्यायची तयारी केली होती. पण ती आपल्या दुखण्याबद्दल काहीच बोलली नाही. तिने चादरीची कड बोटांनी सारखी केली. "आई गेली तेव्हा माझी ड्युटी होती," ती म्हणाली. "हिच्या बाबांना तर हातच लावता आला नाही, रस्त्यातच गेले. मला वाटायचं, एक माणूस तरी मी बरा केला. आत्तासुद्धा पडल्या पडल्या तेवढं धरून होते रे."

 "तुला आवाजावरून तरी कळलं नाही?" त्याने विचारलं. एक्सचेंजमध्ये तिची ख्याती होती, समोरच्याने नुसतं हॅलो म्हटलं तरी तो कशासाठी खोटं बोलणार आहे हे तिला कळतं म्हणून.

"घरच्यांचे आवाज मी कधी तपासले नाहीत," ती म्हणाली. "ते काम नोकरीतलं. घरी कशाला?" आणि तिने कप बाजूला सरकवला. कपात अजून अर्ध्याहून जास्त चहा होता.

त्यानंतर तो रोज गेला. दुकान दुपारी एकला बंद करायचा, दारावर पाटी लावायचा. कितीतरी वर्षांत त्याने एवढ्या लवकर दुकान बंद केलं नव्हतं, आणि आता बंद केल्याने काही अडतही नव्हतं, हेही त्याच्या लक्षात आलं. ताई त्याच्याशी नीट बोलायची. "आलास? बस." "हो." "बरं." "ठीक आहे." तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याला कळलं की हा आवाज त्याने पूर्वी ऐकलेला आहे. लहानपणी, रस्त्यावरच्या बूथमधून, गंमत म्हणून तो एक्सचेंजला फोन लावायचा आणि योगायोगाने कधी ताईच उचलायची. तोच आवाज. सभ्य, स्पष्ट, कोणाचाही नसलेला. बायकोचा विषय तिने पुन्हा काढला नाही. उशी सारखी करून देताना, औषधाचा चमचा पुढे धरताना तो वाट बघायचा. जो प्रश्न चुकवण्यासाठी त्याने एवढी वर्षं ते गवताचं पाणी गिळलं होतं, तो एकदा तिने विचारावा म्हणून तो आता दुपार दुपार बसून राहत होता. चहा तिने पुन्हा मागितला नाही. भाचीने एकदा आणून ठेवला, तो तसाच गार झाला.

दहाव्या दिवशी, बुधवारी, तिला जरा हुशारी वाटत होती. भाचीने तिचे केस विंचरून दिले आणि ती औषधं आणायला खाली गेली. "ताई, ती गेली ते सांगू?" तो म्हणाला. ताईने मान त्याच्याकडे वळवली आणि डोळे मिटले. ऐकताना ती नेहमीच डोळे मिटायची.

त्याने सांगितलं. सांगताना त्याला वाटत होतं की हे फार मोठं आहे, सांगायला संध्याकाळ होईल. शनिवारची सकाळ होती. दुकानाच्या मागच्या खोलीत तो कडा घासायच्या यंत्रावर एक जाड काच घासत होता, एका म्हाताऱ्या शिक्षकाची, त्यांना दुपारी गावाला जायचं होतं. बायको दुकानात पुढे बसायची, ती बॅग घेऊन मधल्या दारात आली. भांडण झालेलं नव्हतं. त्यांची भांडणं होतच नसत. "मी निघतेय," ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "की थांबू?" यंत्राचा आवाज होता, पण त्याला ऐकू आलं होतं. मान वर केली असती तर काचेचा टवका उडाला असता. "तुझं तू बघ," तो म्हणाला. काच पुरी व्हायला आणखी चारेक मिनिटं लागली. काच चांगली झाली. त्याने ती पुसली, उजेडात धरून पाहिली, आणि पुढे आला तेव्हा काउंटरवर किल्ल्या होत्या. आधी वाटलं, येईल. मग वाटलं, तिनेच फोन करायला हवा. मग इतके दिवस झाले की फोन करून काय म्हणायचं तेच कळेना.

"आणि?" ताई डोळे न उघडता म्हणाली.

"आणि काही नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

सगळं सांगायला दहा मिनिटंही लागली नव्हती. खिडकीतलं ऊन जिथे होतं तिथेच होतं. ताईने डोळे उघडले, आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा तिच्या तोंडून तिचा स्वतःचा आवाज आला, जरा चिरका, घाईचा. "ठोंब्या, हात नव्हतास ना उचलला तिच्यावर?"

त्याला आधी नीट कळलंच नाही. "मी?"

"जायच्या महिनाभर आधी तिने मला फोन केला होता. नुसती रडत होती. काय झालं, काय झालं, मी किती विचारलं. काही बोलली नाही, ठेवून दिला. आणि मग गेलीच. मला तेव्हापासून वाटत होतं, तू मारलंस म्हणून. तुला सरळ विचारायची हिंमत नव्हती माझी. म्हणून म्हणायचे, फोन कर, माफी माग. तू उठून चालू लागायचास. मग तर मला खात्रीच वाटायची."

"नाही ताई. कधीच नाही. बोटसुद्धा लावलं नाही."

"खरं?"

"खरं."

तिने त्याचा आवाज या वेळी तपासला असावा.  मग तिचा सगळा चेहरा हळूहळू सैल झाला, कपाळ, ओठांच्या कडा, पिवळट पडलेल्या पापण्या. "बरं झालं बाई," ती पुटपुटली. "बरं झालं." आणि तशीच, त्याचा हात मनगटाशी धरून, ती झोपी गेली.

भाची आली, वाकून बघितलं, चपला हातात घेऊन आत गेली. तो हलला नाही. एकेक रविवार त्याच्यासमोर येत होता. दाराशी त्याची चाहूल लागताच ताटं मांडायचा आवाज, मऊ शिजलेलं जेवण, "आणखी घे ना" म्हणून पुढे आलेला चमचा, घड्याळ लावून झाकलेला कप. अकरा वर्षं ती बायकोला मारणाऱ्या एका माणसाच्या ताटात गरम गरम वाढत आली होती, आणि तो माणूस जेवण झालं की लवकर उठून जात होता.